भोपळ्याची श्रवणचाचणी

महिपती सुतारांच्या डाव्या पायाचा अंगठा सन २०४१ च्या श्रावणात काळा पडला, तेव्हा घरात आधी चपलेला दोष दिला गेला, मग रक्तातल्या साखरेला आणि शेवटी खुद्द महिपतीअण्णांना. अण्णांनी तिन्ही निवाडे शांतपणे ऐकून घेतले. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं.

आमची मिरजेतली गल्ली तंबोरे करणाऱ्यांची. भोपळा कोरणं, दांडी बसवणं, खुंट्या घालणं ही कामं इथल्या दहा घरांत होतात. पण जवारी लावायची म्हटलं की सगळे अण्णांच्या उंबऱ्याशी यायचे. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या रुंद पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने इतका हलका उतरवायचा, की छेडलेली तार सुटताना माथ्याला पुसट घासत सुटावी. मग एका सुरातून वरचे बारीक बारीक सूर निघू लागतात, दिवा लावल्यावर झुंबराचे लोलक उजळावेत तसे. हीच जवारी. माथा केसभर जास्त उतरला तर पत्रा वाजतो, केसभर कमी उतरला तर ओंडका. हे मोजायला पुण्याच्या दोन इंजिनिअरांनी एक यंत्र काढलं होतं. ते खात्री करून घ्यायला अण्णांकडे आणलं, आणि अण्णांनी ते दुरुस्त करून दिलं.

अंगठ्याच्या हाडात जंतू शिरले आहेत, हे डॉक्टर आरती मगदूम यांनी पडद्यावर दाखवलं. गोळ्यांना ते दाद देत नव्हते. नव्या औषधांची त्यांना सवय झाली होती. एका जुन्या औषधाला मात्र अजून थोडे भिऊन होते, आणि ते औषध सहा आठवडे रोज शिरेतून द्यावं लागणार होतं. नाहीतर पाय घोट्याच्या वर कापायचा. डॉक्टरबाई सरळ माणूस. त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, की हे औषध कानाला बाधतं.

कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. दाराशी बसलेल्या बारीक सूर ऐकतात, अगदी आत बसलेल्या खर्ज ऐकतात. औषध आधी दाराशी बसलेल्यांना मारतं. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

अण्णांनी एवढं ऐकलं आणि पायावर धोतर ओढून घेतलं.

"बाई, दुकान घरातच आहे," ते म्हणाले. "पाय मला लागतो कशाला? पाय कापा. कानाला हात लावू नका."

डॉक्टरबाईंनी समजूत घातली. आता काळ बदलला होता. रुग्णालयात सहा आठवडे कुणी कुणाला ठेवत नसे. तिथले जंतू तिथल्या कर्मचाऱ्यांपेक्षा जुने आणि जास्त मुरलेले झाले होते. शिरेतलं औषधही घरीच मिळायचं. दंडातल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाजवळ नेऊन ठेवत, ती कमरेच्या डब्याला जोडत, आणि डबा आपला आपण औषध सोडत बसे. एक केसाएवढी तार कातडीखाली बसून दर पाच मिनिटांनी अंगातल्या औषधाचं माप घेई. कारण खुबी त्या मापात होती. औषध अंगात चढत चढत शिखराला गेलं की जंतू मरतात; पण ते पुरतं उतरायच्या आत पुढचा डोस दिला तर कान मरतो. पूर्वी नर्स घड्याळ बघून अंदाजाने डोस द्यायच्या. डबा उतार स्वतः बघणार होता आणि तो पूर्ण झाल्याशिवाय पुढचा थेंब सोडणार नव्हता.

शिवाय रोज सकाळी कानाची तपासणी. डब्याचं बोंडूक कानात घालायचं. डबा बारीक सूर सोडतो आणि निरोगी कान त्याला उत्तर म्हणून आतून स्वतः एक अतिशय क्षीण आवाज करतो. तो पकडायला बोंडकातच माईक होता. म्हणजे माणूस खोटं बोलेल, पण कान बोलणार नाही. सोबत एक बटणही होतं, सूर ऐकू आला की दाबायला. ते कशाला, असं अण्णांनी विचारलं. रुग्णाला आपण काहीतरी केलं असं वाटावं म्हणून, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. अण्णांना हा खुलासा फार आवडला.

मग फॉर्म आला, अकरा पानांचा. अण्णांनी आयुष्यात कुठला कागद वाचून सही केली नव्हती. वाचण्याचं खातं बायकोकडे होतं. विजयाबाईंनी सगळा वाचला. 'रुग्णाची इच्छा' या रकान्यात अण्णांनी स्वतः एक शब्द लिहिला: कान. पुढे 'गृहसोबती' म्हणून रकाना होता. रुग्णालयात निर्णय डॉक्टर घेतात, घरी तो घ्यायला घरातलं कुणीतरी हवं, आजाऱ्याचं मन आजारी असतं, असा सरकारी नियम होता. तिथे विजयाबाईंचं नाव पडलं.

घरी येताना रिक्षात अण्णांनी बायकोला पुन्हा बजावलं, "पाय गेला तरी चालेल. कान नको."

"हं," विजयाबाई म्हणाल्या.

त्या 'हं'चा अर्थ होकार असा धरण्याची चूक अण्णा एकोणतीस वर्षं करत आले होते. त्याला कारणही होतं. विजयाबाईंचा आवाज जाड, ठाय, पोटातून येणारा. बघायला गेले तेव्हा मुलीने नाव सांगितलं आणि महिपतीने शेजारी बसलेल्या दोस्ताच्या कानात म्हटलं, ही खर्जाची तार आहे, हीच करतो. तंबोऱ्याची ती चौथी तार एकदा लागली की बाकीच्यांचं कुणी विचारत नाही. 'हं' त्या आवाजात आलं की अण्णांना सगळं जुळल्यासारखं वाटे.

बघायला सोबत नेलेला तो दोस्त म्हणजे दस्तगीर, शेजारच्या दुकानातला. आमच्या गल्लीची रीत अशी, की एक वाद्य एका हातून पुरं होत नाही. अण्णांनी जवारी लावली की तंबोरा दस्तगीरकडे जायचा. पॉलिश, गवसणी, पेटी आणि पाठवणी त्याची. तो डावखुरा. त्याच्या हातून चहाचा कप घेताना अण्णांचा हात पन्नास वर्षं चुकत आला होता.

डबा घरी आला त्याला अण्णांनी दुसऱ्याच दिवशी 'जावई' नाव ठेवलं. नाव चोख होतं. त्याच्या औषधाच्या पिशव्यांना फ्रीजमधला वरचा कप्पा मिळाला, दही खाली गेलं. त्याला वेळेवर चार्जिंग लागायचं. तो गुरगुरला की घरातलं बोलणं थांबायचं. दर गुरुवारी एक सिस्टर येऊन दंडावरची पट्टी बदलत आणि आधी त्याची विचारपूस करत, मग अण्णांची. अण्णा त्याला कमरेला बांधून घोडी घासत बसत. सकाळी चाचणी झाली की जावयाच्या पडद्यावर हिरवं कमळ उमलायचं: अभिनंदन महिपतीजी, आपली श्रवणशक्ती उत्तम आहे.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी, जावयाने विजयाबाईंच्या फोनवर एक प्रश्न विचारला. तो काय होता हे अण्णांना सतरा दिवसांनी कळलं. गल्लीला पाचव्या दिवशी कळलं होतं.

त्यानंतर अण्णांच्या हाताला यश येईना. तंबोरा जुळवून तार छेडली की आवाज यायचा गोधडीत गुंडाळल्यासारखा. ते अजून घासत. अजून बंदच. पट्टी बदलून नवी घेत, तीही तशीच. त्यांनी हाडाला शिव्या घातल्या. हल्ली घोडीचं हाड प्रयोगशाळेत वाढवत, जनावराशिवाय. ज्या हाडाने कधी ओझं वाहिलं नाही, डोक्यात काठी खाल्ली नाही, त्यातून सूर कसा निघणार, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलवल्या. अण्णा तार छेडून आमच्याकडे बघायचे आणि आम्ही 'वा' म्हणायचो. खरं तर त्या दिवसांत त्यांच्या दुकानातून येणारा आवाज असा होता, की समोरच्या घरातलं मांजर उठून माळ्यावर जाई. चांगला पत्रा वाजत होता. अण्णांना न ऐकू येणारे बारीक सूर ते आमच्या कानात खिळ्यासारखे ठोकत होते.

दस्तगीर संध्याकाळी येऊन तंबोरा उचलून न्यायचा. जाताना म्हणायचा, "कडक लागलीय, महिपत." अण्णा म्हणायचे, मला बंद वाटते. दस्तगीर म्हणायचा, औषधाची सुस्ती आहे.

पाचव्या आठवड्यात साताऱ्याच्या गायिका मेधाताई आल्या. आठवड्यापूर्वी नेलेल्या तंबोऱ्याची एक खुंटी सरकत होती. त्या दारातूनच बोलत आल्या. "अण्णा, तीन तंबोरे घेतले तुमच्याकडून, पण अशी जवारी तुमच्या हातून आजवर लागली नव्हती." मग वाद्य ठेवून त्या बाजारात गेल्या, तासाभराने नेते म्हणाल्या.

अण्णा खूश झाले. आधी खुंटीला खडू लावून ती घट्ट केली. मग, आपण एवढं काय केलं होतं ते बघावं म्हणून, तारा बाजूला सारून घोडीच्या माथ्यावरून अंगठा फिरवला.

कानशीच्या रेघा डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा एका अंगाला कलतात. ह्या दुसऱ्या अंगाला कललेल्या होत्या.

अण्णांनी पुन्हा अंगठा फिरवला. मग तारा जाग्यावर घेऊन छेडल्या. गोधडी. ज्या जवारीसाठी बाई साताऱ्याहून कौतुक करत आली होती ती त्यांना ऐकू येत नव्हती, आणि ती त्यांची नव्हती. मेधाताई आल्या, तंबोरा घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयाबाई दूध आणायला गेल्या. अण्णांनी जावयाचं बोंडूक स्वतःच्या कानाऐवजी कोपऱ्यातल्या एका कोरलेल्या भोपळ्याच्या भोकात खुपसलं. चाचणी सुरू केली. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. बटण त्यांनी दाबलं नाही, भोपळ्यानेही नाही. दोन मिनिटांनी पडद्यावर हिरवं कमळ उमललं. अभिनंदन महिपतीजी, आपली श्रवणशक्ती उत्तम आहे.

अण्णांनी भोपळा काखेत मारला आणि काठी टेकत दस्तगीरच्या दुकानात गेले. तो लाखेचं भांडं ढवळत होता, डाव्या हाताने. अण्णांकडे बघितलं आणि ढवळणं थांबवलं.

"किती तंबोरे?" अण्णांनी विचारलं.

"सात."

"कोण बोललं तुला?"

"पहिला बिघडला तेव्हा मी वहिनींना विचारायला गेलो. त्यांनी मग सगळं सांगितलं. शपथ घातली, महिपत."

"माझी ओळख आधीची की तिची?"

"तुझी." दस्तगीर भांड्यात बघत राहिला. "म्हणून तर घासत बसलो. गिऱ्हाईक तुझ्या नावावर येतं. तुझ्याइतकी नाही रे लागली मला. आपलं निभावलं."

हे आठवं खोटं होतं, आणि सगळ्यात वाईट हेच होतं. मेधाताईंचं वाक्य अण्णांनी आपल्या उरल्यासुरल्या कानांनी नीट ऐकलं होतं. पन्नास वर्षं शेजारी बसून हा माणूस आपल्याहून चांगली जवारी लावू शकत होता आणि कधी बोलला नव्हता, एवढं त्यांना दुकानाची एक पायरी उतरताना कळलं. उतरायला पायाने अजिबात त्रास दिला नाही. त्याचाही त्यांना राग आला.

घरी विजयाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णांनी भोपळा त्यांच्यापुढे ठेवला.

"ह्याला उत्तम ऐकू येतं," ते म्हणाले. "जावयाने सांगितलं."

विजयाबाईंनी हातातली शेंग पुरती सोलली. मग फोन काढून त्या मंगळवारचा प्रश्न त्यांच्यापुढे धरला. हाडातले जंतू अपेक्षेइतके कमी होत नाहीत. औषधाच्या उताराची वाट न पाहता डोस वाढवल्यास पाय वाचण्याची शक्यता शंभरात एक्क्याऐंशी. वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती कायमची जाण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याऐंशी. मंजूर किंवा नामंजूर. वेळ वीस मिनिटं. आणि खाली बारीक अक्षरात: हे कळल्यास तीनपैकी एक रुग्ण नळी उपसून टाकतो; रुग्णाला न सांगण्याची शिफारस आहे; चाचणीचा निकाल यापुढे दिलासा पद्धतीने दाखवला जाईल.

"वीस मिनिटं होती," अण्णा म्हणाले. "मी पलीकडच्या खोलीत होतो."

"हो. घासण्याचा आवाज येत होता."

"कितव्या मिनिटाला दाबलंस?"

"दुसऱ्या."

"आणि उरलेली अठरा?"

"भात टाकला."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "तुला मी सांगितलं होतं. रिक्षात. पाय कापा म्हटलं होतं."

"सांगितलं होतंत." तो खर्ज जरासुद्धा हलला नाही. "आमच्या आप्पांचा पाय कापला तेव्हा आप्पाही म्हणाले होते, मला काय, मी बसून राहीन. बसून राहिले नऊ वर्षं. उचलत होते मी आणि आई. आई त्यातच गेली. तुमचा कान तुमचा एकट्याचा होता. पाय दोघांचा होता."

अण्णांनी भोपळा उचलला आणि आत नेऊन ठेवला.

दुपारी ते रुग्णालयात गेले. डॉक्टर मगदूम खरोखरच चकित झाल्या, कारण त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या हाताखाली दोनशे चौदा घरं होती. त्या मंगळवारच्या नोंदीवर 'सोबतीने मंजूर' असा हिरवा शिक्का होता, आणि हिरव्या नोंदी उघडायच्या नसतात. त्यांनी अण्णांचा फॉर्म काढला. 'रुग्णाची इच्छा: कान' हा रकाना जागेवर होता. त्याच्या शेजारी छापलेलं होतं, केवळ माहितीसाठी. मग खऱ्या नोंदींचा आलेख उघडला. वरचे सूर आठवड्यागणिक खाली येत गेले होते, खर्जाची बाजू मात्र जशीच्या तशी शाबूत होती. एका गोष्टीचं त्यांना कोडं पडलं. आज सकाळी दोन्ही बाजू शून्य कशा?

"तो भोपळा होता," अण्णांनी सांगितलं.

अजून आठ दिवसांचं औषध शिल्लक होतं. अण्णांनी नळी उपसली नाही. कान गेले होते. आता उपसून पायही घालवायचा, म्हणजे विजयाबाईंवर रागावून विजयाबाईंनाच नऊ वर्षं उचलायला लावायचं. एवढा राग त्यांना आला होता, पण तेवढा टिकला नाही. ते रोज सकाळी जावयाला भोपळ्यापुढे बसवत आणि कमळ बघत.

सहा आठवडे पुरे झाले. हाड स्वच्छ निघालं. डब्याच्या कंपनीने आपल्या यशकथांमध्ये अण्णांच्या पायाचा फोटो मागितला. सिस्टरनी नळी काढली, डबा परत न्यायला पेटीत घातला, आणि विजयाबाईंनी सवयीने पेटीवर हळदकुंकवाची बोटं ओढून नारळ ठेवला. नारळ कुणी न्यायचा यावर सिस्टर जरा अडल्या.

अण्णांनी घोड्या, कानशी आणि हाडाच्या पट्ट्या एका टोपलीत भरल्या आणि दस्तगीरच्या पायरीवर ठेवल्या. आता ते भोपळा कोरतात, दांडी बसवतात. जवारी दस्तगीर लावतो. गिऱ्हाइकांना अण्णा स्वतःच सांगतात, त्याची माझ्याहून चांगली लागते. दस्तगीर लाजून मान खाली घालतो आणि नाही म्हणत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, रोज तीन किलोमीटर चालावे. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा एक कागद पाळला. संध्याकाळी पाचला निघतात. पहिल्या दिवशी विजयाबाई पातळ बदलून, चपला घालून उंबऱ्याशी उभ्या होत्या. चालता नवरा मिळाल्यावर त्याच्याबरोबर चार पावलं चालावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. अण्णा त्यांच्या शेजारून बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाकडे निघाले, टाच-अंगठा, टाच-अंगठा, पंचवीस वर्षांच्या माणसासारखे.

"अहो," विजयाबाईंनी हाक मारली.

अण्णा थांबले नाहीत. गल्लीतल्या बायका हळहळल्या. बिचाऱ्यांना ऐकूच येत नाही हो, म्हणाल्या. आम्हीही तसंच म्हणालो. तोवर आम्हाला खोट्याची सवय झाली होती.

"अहो, थांबा जरा."

दस्तगीर दुकानाच्या दारात घोडी घासत होता. त्याची कानस मध्येच थांबली. विजयाबाईंनी तिसरी हाक मारली ती त्यांच्या अगदी खालच्या आवाजात, पोटातून, चौथी तार सुटावी तशी. त्या पट्टीचा एकही सूर अण्णांचा गेला नव्हता. हे डॉक्टरांच्या आलेखावर होतं, दस्तगीरला ठाऊक होतं, आणि विजयाबाईंनी तो आलेख आमच्यासमोर दोनदा वाचला होता.

अण्णा कोपऱ्यावरून वळले. पाय उत्तम चालत होता.